सोलापुरातून फुटबॉलमधला विंगर व्हायचंय? खेळाडू आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सराव संपल्यावर शूज काढता काढता आणि रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेलं बरं. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, नावं तेवढी काढलीत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे करार, एजंट आणि नियमांतल्या खोचा येतात. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. विंगर नेमकं करतो काय? मुलगा "मी विंगर आहे" म्हणतो आणि मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही.

फुटबॉलचं पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. बाजूच्या रेषेला धरून जो आक्रमण करतो तो विंगर. त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू असतो. त्याला चकवून बॉल पुढे न्यायचा आणि गोलसमोरच्या सहकाऱ्याला द्यायचा किंवा स्वतः गोलवर मारायचा, हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे बॉल जवळ नसतानाही रेषेपाशी रुंद उभं राहायचं. त्यामुळे समोरच्या बचावफळीला पांगावं लागतं आणि मधे जागा होते. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. तिसरं काम पोरांना अजिबात आवडत नाही: बॉल हातचा गेला की मागे धावत येऊन आपल्या फुलबॅकला मदत करायची. हे न करणारा विंगर आज कुठल्याच कोचला चालत नाही.

घरी बसून बघायचं असेल तर भारतीय संघाचा लालियानझुआला छांगटे बघा. मिझोरममधल्या लुंगलेईचा हा मुलगा २०२२-२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२. पोरगं लई फास्ट पळतंय सर. शाळेत शंभर मीटरला पहिला. विंगरच करू ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बारा वर्षांच्या मुलाच्या वेगावर फार विसंबू नका. या वयात काही मुलं लवकर वाढतात, उंच होतात आणि बरोबरीच्यांना सहज मागे टाकतात. सोळाव्या वर्षी बाकीचे त्यांना गाठतात. तोवर ज्याने बॉल पुढे मारून पळण्याशिवाय काही शिकलेलंच नसतं, त्याच्या हातात काही उरत नाही. विंगरला संघात घेताना वेग बघतात हे खरं, पण पुढच्या मोसमात ठेवायचा की सोडायचा हे ठरतं तो गोलरेषेजवळ पोचल्यावर काय करतो यावर.

मी एक साधी चाचणी घेतो. मुलाने मध्यरेषेवरून बॉल घेऊन पूर्ण वेगात कडेकडेने गोलरेषेपर्यंत जायचं. पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, दोन मुलं उभी, एकाला लाल बिब, एकाला पिवळी. अगदी शेवटच्या क्षणी दोघांपैकी एक जण हात वर करतो, आणि बॉल त्यालाच गेला पाहिजे. नुसती पळणारी मुलं इथे सापडतात. मान खाली, नजर बॉलवर, आणि क्रॉस (कडेने गोलसमोर मारलेला बॉल) थेट गोलमागच्या बाभळीत. जो मुलगा क्रॉसच्या आधीच्या टचला बॉल मुद्दाम दीड-दोन हात पुढे ढकलतो आणि त्या उसंतीत मान वर करून बघतो, तो शर्यतीत तिसरा आलेला असला तरी मी त्याला विंगवर घालतो.

आणखी एक. उंच क्रॉस दिसायला भारी, पण गोलरेषेजवळून खालून मागे ओढून दिलेला पास जास्त गोल करवतो. तो मागे जात असल्यामुळे बॉलच्या मागून धावत येणारा सहकारी ऑफसाइड (पास निघताना बॉलच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असणं) होत नाही. बचावपटूही तेव्हा स्वतःच्याच गोलकडे तोंड करून पळत असतात. घरामागच्या भिंतीवर खडूने गुडघ्याएवढ्या उंचीवर चौकोन काढा आणि कडेकडेने पळत येऊन त्यात बॉल मारा. दोन्ही पायांनी.

३. जागा कोणत्या वयात पक्की करावी?

तेरा-चौदाच्या आधी नाही. गॅरेथ बेल लेफ्टबॅक (डावीकडचा फुलबॅक) म्हणून सुरू झाला, विंगर म्हणून गाजला आणि २०१३ मध्ये रियाल माद्रिदला गेला. लहानपणी दोन-तीन जागा खेळलेल्या मुलाला पुढे जागा बदलायची वेळ आली तर जड जात नाही (प्रश्न १६ पाहा).

४. मुलगा डाव्या पायाचा आहे. डावीकडे खेळवू की उजवीकडे?

दोन्हीकडे. डाव्या पायाचा विंगर डावीकडे खेळला तर बाहेरून गोलरेषेपर्यंत जाऊन क्रॉस देतो. उजवीकडे खेळला तर आत वळून डाव्या पायाने थेट गोलवर मारतो. आर्येन रॉबेन या दुसऱ्या प्रकारावरच गाजला. तो आत वळणार हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक असायचं, तरी फुलबॅकला थांबवता यायचं नाही. सालाह, साका, लामिन यमाल हेही डाव्या पायाचे आणि उजव्या विंगवरचे. सध्या फॅशन याचीच आहे, त्यामुळे ट्रायलला डाव्या पायाचा मुलगा दिसला की कोच आपोआप दुसऱ्यांदा बघतो.

पण ज्याला एकच दिशा येते त्याला दोन सामन्यांत लोक ओळखतात. रॉबेनचा वेग आणि नेमकी वेळ आपल्याकडे नाही हे गृहीत धरून बाहेरची बाजूही तयार ठेवा.

५. रोज रात्री मित्रांबरोबर तासभर टर्फवर खेळतो. एवढा सराव पुरे नाही का?

विंगरसाठी नाही. होटगी रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत टर्फ झाले ते चांगलंच आहे. पोरं मोबाइल ठेवून घाम गाळतात. पहिला टच, चिमटीत सापडल्यावर वळणं, झटपट पास हे टर्फवर उत्तम शिकता येतं. पण टर्फला चारी बाजूंनी जाळी असते, आणि विंगरचं सगळं शिक्षण तर रेषेवर होतं. जाळीला लागून बॉल परत येतो, म्हणून मुलगा बॉल निष्काळजीपणे मारायला शिकतो. मोठ्या मैदानावर तोच बॉल बाहेर जातो आणि थ्रो-इन समोरच्याला मिळतो. टर्फवर तीस मीटर सलग धावायला जागा नाही, ऑफसाइड नाही, उंच क्रॉस नाही. पाच जणांच्या खेळात विंग ही जागाच नसते.

आठवड्यात दोन दिवस टर्फ, बाकी मोठं मैदान, असं ठेवा. मैदानावर रेषा आखलेली नसेल, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा नसतेच, तर निदान एका बाजूला फक्की मारून घ्या. फक्की नसेल तर चपला ओळीने मांडा. विंगरने पास घेताना टाचा रेषेवर आणि छाती मैदानाकडे ठेवायची, म्हणजे बॉल येण्याआधीच फुलबॅक, बॉक्स आणि आपला स्ट्रायकर (गोलसमोरचा आक्रमक) एका नजरेत येतात. रेषेकडे तोंड करून पास घेणाऱ्या विंगरला पाठीमागचं काही दिसत नाही. या एका सवयीसाठी मी महिनाभर घालवतो आणि मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

६. सोलापूरच्या उन्हात सराव कधी करायचा? आणि शूज कोणते?

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी तीनला "स्टॅमिना वाढवायला" पळवणाऱ्या कोचकडून मुलाला घरी आणा. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची, घरून भरलेली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे मैदानावरच्या टाकीलाही लागू आहे.

मुरमाच्या कडक मैदानावर छोट्या रबरी गुट्ट्यांचे टर्फ शूज घाला. लांब स्टडचे शूज तिथे जमिनीत रुतत नाहीत, सगळा मार टाचेला आणि गुडघ्याला बसतो. ते पावसाळ्यात काळ्या मातीवर चालतात. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा सरावाची जागा आधीच बघून ठेवा. गड्डा उठल्यावर पहिल्या दिवशी बॉल काढण्याआधी सगळ्यांनी ओळीत चालत खिळे, तारा आणि काचा वेचायच्या.

७. प्रोटीन पावडर द्यावी का?

नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, दही, शेंगाचटणी, चालत असेल तर अंडी आणि मटण, यात वाढत्या मुलाला लागतं ते सगळं आहे. सामन्याआधी तीन तास पोटभर जेवण उरकायचं. जिममध्ये सुट्टी मिळणारी पावडर तर मुळीच नको. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

८. मांडीच्या मागे सारखं धरतं, आणि धाकट्याच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलंय. खेळायचं थांबवू का?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मांडीच्या मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग. पूर्ण वेगात धावणं, एकदम थांबणं, पुन्हा सुटणं हेच विंगरचं काम असल्याने ही त्याची हक्काची दुखापत. तेल चोळून दोन दिवसांत परत उतरलं की तिथेच पुन्हा फाटतं. फिजिओथेरपिस्टला दाखवा. बरं झाल्यावर नॉर्डिक व्यायाम कायमचा लावून घ्या: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने तयार केलेला '११ प्लस' हा वॉर्मअपही आहे. वीस मिनिटं लागतात आणि साहित्य काही लागत नाही.

धाकट्याचं दुखणं बहुधा वाढीच्या वयातलं आहे. हाड भराभर वाढतं आणि गुडघ्याखाली जिथे स्नायूची दोरी जोडलेली असते तिथे ताण येतो. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, धावणं-उड्या कमी करा, धीर धरा. हे बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं.

९. सोलापुरात राहून प्रोफेशनल होता येतं का, की बाहेर पाठवावंच लागतं?

चौदा-पंधरापर्यंत इथे राहून चालतं. त्यानंतर बाहेर जावं लागतं, यात गोड बोलण्यात अर्थ नाही. कारण सामने. विंगरला दर आठवड्याला वेगवेगळ्या फुलबॅकशी गाठ पडायला हवी. आपल्याकडे वर्षभर त्याच चार-पाच संघांशी खेळून सगळे फुलबॅक तोंडपाठ होतात.

वाटा अशा आहेत. शालेय स्पर्धा तालुका-जिल्ह्यापासून सुरू होतात. सोलापूर पुणे विभागात येतं, म्हणजे विभागीय फेरीत गाठ पुण्याच्या शाळांशी, आणि तिथेच आपल्या मुलाची खरी पातळी कळते. शाळांसाठी १९६० पासून चालू असलेला सुब्रतो कप आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत चाचणीतून प्रवेश मिळतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. आणि क्लबांच्या अकादम्या आहेत.

अकादमीबद्दल मात्र सावध राहा. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी हे आपल्याला सगळ्यात जवळचे मोठे क्लब एकामागून एक बंद पडले. भारत एफसी तर एका मोसमात आटोपला. छांगटे डीएसके शिवाजियन्सच्याच अकादमीतून आला. क्लब गेला, पण तोवर तो पुढे सरकला होता. म्हणून अकादमीची इमारत आणि जर्सी बघण्यापेक्षा विचारा: वर्षाला किती अधिकृत सामने होतात, आणि मुलाची महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत तुमच्या नावावर नोंद करता का? दुसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर परत या (प्रश्न १४ मध्ये कारण आहे).

जाता जाता: एखाद्या रविवारी मुलाला कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना दाखवून आणा. फुटबॉलला एवढी गर्दी होते हे आपल्या पोरांनी पाहिलेलंच नसतं.

१०. अकादमीत निवड झाली, पण मुलगा रात्री फोनवर रडतो. परत आणू?

पहिले काही आठवडे बहुतेक मुलं रडतात. बोलत राहा, आणि "एवढा खर्च केलाय" हे वाक्य तोंडातून काढू नका.

पण रडणं थांबत नसेल, जेवण-झोप गेली असेल, तर आणा. सेव्हियाचा उजवा विंगर हेसूस नावासला तरुणपणी घर सोडलं की घाबरल्याचे झटके यायचे. सराव शिबिरांतून तो परत यायचा, स्पेनच्या संघासोबत जायलाही तयार नव्हता. क्लबने घाई केली नाही. २००९ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला आणि २०१० मध्ये विश्वविजेता झाला. वर्षभर थांबल्याने कारकीर्द बुडत नाही.

११. ट्रायलला नेमकं काय बघतात?

ट्रायलला शंभरेक मुलं, आणि तुमच्या मुलाला वीस-तीस मिनिटांचा सामना. एवढ्या वेळात विंगरला बॉल सहा-सात वेळा मिळाला तरी नशीब. म्हणून बॉल नसताना तो काय करतो यावर बरंच ठरतं: बॉल गेल्यावर लगेच मागे वळला का, रुंद राहिला का, पास न देणाऱ्या सहकाऱ्यावर हात उडवले का. पहिला बॉल साधा खेळा. दुसऱ्याला फुलबॅकवर चालून जा. तिथे अडवला गेलात तरी चालेल. पण तिसऱ्यांदा बॉल मिळाल्यावर घाबरून मागे पास दिला की वहीत नावापुढे रेघ पडते. विंगरची हिंमत बघायचीच असते.

पालकांनी रेषेजवळून ओरडू नये. हे मी मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत सांगून झालंय.

१२. शाळेत नाव घालताना जन्मतारीख पुढची लावलीय. अडचण येईल का?

येईल. वयोगटाच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय तपासतात. फिफा १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय करते. पालिकेचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत एकच तारीख हवी आणि ती खरी हवी. एक वर्ष लपवून मिळालेला फायदा सोळाव्या वर्षी संपतो. पकडलं गेल्यावरची बंदी मात्र नावाला चिकटते.

१३. दहावी महत्त्वाची की फुटबॉल? आणि खेळाडूंना सरकारी नोकरीत खरंच फायदा मिळतो का?

दोन्ही ठेवा. व्यावसायिक होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि गुडघ्याचं मोठं लिगामेंट तुटलं तर आठ-नऊ महिने घरी बसावं लागतं.

फायदा मिळतो. दहावी-बारावीला स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. कुठल्यातरी "ऑल इंडिया चॅम्पियनशिप"चं चकचकीत प्रमाणपत्र पैसे भरून आणलेलं असतं, ते इथे कामाला येत नाही. प्रत्येक मूळ प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.

१४. मुलगा मोठा झाला तर आमच्या छोट्या क्लबला काही मिळतं का?

मिळू शकतं, आणि हे आपल्याकडे फार कमी क्लबांना माहीत आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे देऊन गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ पर्यंतच्या प्रत्येक मोसमाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ पासून पुढे प्रत्येक मोसमाला ०.५ टक्के. याशिवाय खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक होतो तेव्हा प्रशिक्षणाची भरपाई वेगळी असते. अट एकच: त्या वर्षांत त्याची नोंदणी तुमच्या क्लबकडून झालेली असली पाहिजे. वहीतली हजेरी आणि जुने फोटो फिफा मानत नाही.

१५. एक जण म्हणतो, "दीड लाख द्या, पोराला युरोपात ट्रायल लावून देतो." मुलगा सोळाचा आहे.

देऊ नका. १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबकडे बदली फिफाच्या नियमाने बंद आहे. अपवाद आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले किंवा युरोपीय संघाच्या आतल्या आत सोळा वर्षांवरचा खेळाडू बदलला. सोलापूरच्या मुलाला यातलं सहसा काही लागू होत नाही. म्हणजे ट्रायल पास झाला तरी सही होणार नाही, आणि तुम्ही विमानाचं भाडं भरून सहलीला जाऊन याल.

खऱ्या एजंटकडे फिफाचा परवाना असतो आणि त्याचं नाव फिफाकडे तपासता येतं. तो खेळाडूच्या करारातून कमिशन घेतो, ट्रायलच्या आधी रोख नाही. अल्पवयीन खेळाडूशी बोलायला त्याला पालकांची लेखी संमती लागते. मुलाला परस्पर इन्स्टाग्रामवर मेसेज करणारा एजंट असला तरी चांगला नाही.

१६. विंगरची कारकीर्द किती वर्षं चालते? वेग गेल्यावर काय?

तिशीनंतर वेग ओसरतो, आणि इतर जागांपेक्षा विंगरला ते आधी जाणवतं. पण त्यातून वाटा काढलेले पुष्कळ आहेत. रायन गिग्ज हॅमस्ट्रिंगने हैराण झाल्यावर योगासनांकडे वळला, विंगवरून मध्यभागी सरकला आणि २०१४ पर्यंत मँचेस्टर युनायटेडकडून ९६३ सामने खेळला. रोनाल्डो विंगवरून गोलसमोर गेला. स्टॅन्ली मॅथ्यूज १९६५ मध्ये पन्नाशी पूर्ण केल्यावर इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत खेळला, पण ते उदाहरण कौतुकापुरतंच ठेवा.

मला विचाराल तर ९ जुलै २०२४ चा युरो उपांत्य सामना काढून बघा, स्पेन विरुद्ध फ्रान्स. स्पेनच्या उजव्या बाजूला पुढे सोळा वर्षांचा यमाल आणि त्याच्या मागे राइटबॅक म्हणून अडतीस वर्षांचा नावास, प्रश्न १० मधला तोच. यमालने आत वळून डाव्या पायाने दूरच्या खांबाला लावून गोल केला. नावाससमोर होता फ्रान्सचा वेगवान आक्रमक एमबापे. वयाच्या त्या टप्प्यावर त्याला एमबापेबरोबर धावून जिंकता येणारच नव्हतं. पण विंगर म्हणून काढलेल्या वर्षांमुळे समोरचा कधी सुटणार याचा अंदाज त्याला आधी यायचा. फुलबॅक होऊ शकलेल्या विंगरला सात-आठ वर्षं जास्त मिळतात, आणि त्याची तयारी प्रश्न १ मधल्या त्या नावडत्या तिसऱ्या कामातच होते.

भारतात आणखी एक हिशेब आहे. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी खेळाडू बहुतेक करून मधल्या कण्यात घेतात: स्ट्रायकर, मधली फळी, सेंटरबॅक. कडेच्या जागा भारतीयांना मिळतात. २०२१ च्या अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटाला मुंबई सिटीचा विजयी गोल केला तो मणिपूरच्या बिपिन सिंगने. संधी आहे, आणि म्हणूनच मिझोरम, मणिपूर, गोव्याच्या सगळ्या चपळ पोरांची रांगही त्याच जागेसाठी लागलेली आहे.

१७. करार हातात आला तर आधी काय बघायचं?

मुदत, पगाराची तारीख, दुखापतीचा खर्च कोणाचा, राहण्याची सोय, आणि करार मधेच संपवायचा अधिकार कोणाला. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्याचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो, मोठ्यांचा पाच. "वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच करार वैध" अशी अट घालता येत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची असते. क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार थकवला, तर लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत दिल्यावर खेळाडू करार तोडू शकतो.

हे कलम पुस्तकी वाटत असेल तर २०२५ आठवा. महासंघ आणि इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक भागीदारातला करार लोंबकळला, जुलैमध्ये लीग थांबवली आणि काही क्लबांनी पगार रोखले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या खेळाडूंची ही गत. सही करण्याआधी तासभर वकिलाला दाखवा.

१८. मुलगी विंगर आहे. तिला पुढे काही आहे का?

आहे, आणि तिच्यासाठी रांग छोटी आहे. सुब्रतो कपमध्ये मुलींचा १७ वर्षांखालचा गट आहे, वर इंडियन विमेन्स लीग आहे. पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय. जुलै २०२५ मध्ये भारतीय मुलींनी थायलंडला २-१ ने हरवून आशियाई चषक गाठला.

अडचण खेळाची कमी, मैदानाची जास्त: संध्याकाळचा उजेड, स्वच्छतागृह, घरी जायची सोय. तीन-चार पालकांनी मिळून सकाळची वेळ मागा. एकट्याने मागितली तर कोणी देत नाही. बाकी सगळं मुलांसारखंच, प्रश्न २ आणि ५ तिलाही लागू.

१९. ऑफसाइड होऊ नये म्हणून विंगर रेषेबाहेर जाऊन उभा राहिला तर?

खेळात भाग घ्यायचा नाही म्हणून बाहेर थांबलं तर गुन्हा नाही. पण गोलरेषेबाहेरून आत येऊन लगेच खेळात घुसला, तर ऑफसाइड ठरवताना तो गोलरेषेवरच उभा आहे असं धरतात, म्हणजे पळवाट नाही. मुद्दाम बाहेर जाऊन परवानगीशिवाय आत येत फायदा उचलला तर पिवळं कार्ड. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला मात्र ऑफसाइड नसतो. थ्रो-इनच्या वेळी फुलबॅकच्या मागे जाऊन उभं राहायला आपल्या जिल्हा स्पर्धांतले विंगर लाजतात, का ते कळत नाही.

२०. मी एकवीस वर्षांचा आहे, एमआयडीसीत कामाला जातो, वेग आहे. उशीर झाला का?

सर्वोच्च लीगसाठी, हो. पण फुटबॉलमधून काही मिळण्यासाठी नाही. कॉलेजला नाव असेल तर विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी द्या. तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते आणि ते प्रमाणपत्र प्रश्न १३ मधल्या आरक्षणासाठी उपयोगी पडू शकतं. पुण्या-मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये खालच्या गटातले संघ मोसमाआधी खेळाडू शोधत असतात. रविवारचे सामने असतील तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. आणि महासंघाचा डी-लायसन्स कोचिंग कोर्स बघून ठेवा. सोलापुरात दहा-बारा वर्षांच्या मुलांना रेषेवर टाचा ठेवायला शिकवणारी माणसं फार थोडी आहेत, शाळा विचारत असतात.